लोकलमध्ये घेऊन चढता येईल असा बेस ॲम्प घरी बनवायचाय, दहा किलोच्या आत

खर्जातला_गडी | १४ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीचा. नोकरी सांभाळून बेस गिटार वाजवतो. भावगीतांचा एक वाद्यवृंद आहे, शिवाय लग्नसराईत मित्रांच्या बँडबरोबर जातो. माझा ॲम्प म्हणजे पंधरा इंची स्पीकरचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), वजन २६ किलो. पाठीवर गिटार, हातात तो धोंडा आणि समोर दादरचा जिना. गेल्या महिन्यात कार्यक्रमाहून परतलो आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याच्या चकतीवर ताण आलाय, जड उचलणं बंद.

हलके तयार ॲम्प मिळतात, पण त्यांच्या किमती माझ्या आवाक्यातल्या नाहीत. टाके मारता येतात, मल्टिमीटर वापरता येतो. तर घरीच बनवावा म्हणतोय. अट एवढीच की एका हातात उचलता यावा आणि दोनशे माणसांच्या सभागृहात ड्रमच्या जोडीने ऐकू यावा. डोक्यात ५०० वॅट आहेत. कुणी केलंय का असं?

---

चहाबाज | १४ जून, रात्री ११:२५

आधी कंबर सांभाळ रे बाबा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, माझा मुलगाही बेस शिकतोय.

---

तपकीर_गल्ली | १५ जून, सकाळी ७:०५

वॅट नंतर बघू. आत्ताच्या कॉम्बोचं वजन कशाकशात आहे ते मोजलंय का? मागची फळी उघडून ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि रिकामी पेटी यांचा अंदाज द्या. घरात सुटं सामान काय आहे तेही लिहा.

---

खर्जातला_गडी | १५ जून, रात्री ९:४०

काका, उघडला. पेटी १८ मिमी एमडीएफची आहे. स्पीकरला मागे दोन तळव्यांएवढं फेराइट चुंबक, एकटा स्पीकरच सात किलोच्या आसपास. ट्रान्सफॉर्मर लोखंडी पट्ट्यांचा, हीटसिंक वीतभर लांब.

घरात टीडीए७२९४ या ॲम्प्लिफायर चिपचा एक बोर्ड आणि ३०० व्हीएचा टोरॉइड (गोल ट्रान्सफॉर्मर) पडून आहे. तो वापरावा असं मनात होतं.

---

तपकीर_गल्ली | १६ जून, सकाळी ६:५०

सविस्तर लिहितो. चाळीस वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे हात आवरत नाही.

टीडीए७२९४ गुणी चिप आहे, पण या कामाला नको. तो टोरॉइडच अडीच-तीन किलो भरेल. चिप क्लास एबीची, म्हणजे वीज घेणार त्यातला मोठा हिस्सा उष्णतेत घालवणार, मग हीटसिंक आलाच. क्लास डी, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होत काम करणाऱ्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात जाते. तिथे हीटसिंक काडेपेटीएवढा झाला तरी भागतं. टोरॉइडच्या जागी एसएमपीएस, म्हणजे हलका स्विचिंग वीजपुरवठा घ्या. ४८ व्होल्ट, ४.४ अँपिअरचा पंख्याविना चालणारा पुरवठा एक किलोच्याही आत येतो.

बोर्ड दोन प्रकारचे मिळतील. स्वस्तातला टीपीए३११६चा. त्यावर मोठ्या अक्षरांत १०० वॅट लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण २ ओहमच्या स्पीकरवर. ही चिप जास्तीत जास्त २६ व्होल्टवर चालवायची. २४ व्होल्ट दिले तर ४ ओहमवर स्वच्छ आवाजात साधारण ६५ वॅट आणि ८ ओहमवर त्याच्या निम्मे. यात कुणाची लबाडी नाही, हा व्होल्टेजचा साधा हिशेब आहे. दुसरा टीपीए३२५५चा. तो ५३.५ व्होल्टपर्यंत चालतो. ४८ व्होल्टवर ८ ओहमला १३० वॅट आणि ४ ओहमला अडीचशेच्या आसपास देईल. तुम्ही हा घ्या.

आता मुख्य मुद्दा. एवढं करून इलेक्ट्रॉनिक्स दीड किलोवर आलं. तुमच्या २६ किलोंपैकी बाकीचं वजन चुंबकात आणि लाकडात आहे. लोक वॅटच्या मागे धावतात आणि पेटीचं गणित सुताराच्या मर्जीवर सोडतात. या कामात सर्वांत जास्त विचार पेटी आणि स्पीकर यांचा करायचा असतो.

---

म्हापशेकर | १६ जून, दुपारी १:१५

काकांशी शंभर टक्के सहमत. मी गोव्यात लग्नांत आणि फेस्तांत बेस वाजवतो. हंगामात एका दिवसात दोन ठिकाणं होतात, सकाळी म्हापसा, संध्याकाळी मडगाव. चार वर्षांपूर्वी मी नुसता स्पीकर बदलला. फेराइटचा काढला, हलक्या निओडिमियम चुंबकाचा बारा इंची घातला. पेटी तीच, ॲम्प तोच, आणि चार किलो कमी. पहिल्या दिवशी उचलताना हात एकदम वर गेला, वाटलं आत काही राहिलंच नाही.

महाग पडतो हे खरं. पण पैसे एकाच जागी ओतायचे असतील तर तिथे ओता.

---

व्हॉल्व्हवेडा | १६ जून, रात्री १०:०२

सगळं मान्य. तरी मला मनापासून वाटतं की बेसला व्हॉल्व्हचा ॲम्पच हवा. १९६९ सालचा अँपेगचा एसव्हीटी घ्या. चौदा व्हॉल्व्ह, ३०० वॅट, आणि खाली आठ दहा-इंची स्पीकरांचं कपाट. एकदा त्याच्यासमोर उभं राहून खालची ई तार छेडा. पँटची इस्त्री हलते. क्लास डी मध्ये ती छाती नाही.

---

मंद्रा | १६ जून, रात्री १०:३१

व्हॉल्व्हवेडा, मी उभी राहिलेय त्याच्यासमोर, बंगळुरूच्या एका स्टुडिओत. अंगावर काटा आला होता. पण त्याचं नुसतं डोकं (स्पीकरशिवायचा ॲम्प) चाळीस किलोच्या जवळ आणि कपाट साठच्या वर. गड्याच्या मणक्याचा विचार करा.

आणि एक गंमत सांगते. त्या आठ स्पीकरांच्या कपाटाच्या आजच्या आवृत्तीच्या तपशिलात लिहिलंय, ५८ हर्ट्झला आवाज तीन डेसिबलने उतरतो आणि ४० हर्ट्झला दहाने. खालची ई तार ४१ हर्ट्झची. म्हणजे ज्या आवाजाला आपण खोल, भरदार म्हणतो तो मुख्यतः ८२ आणि १२३ हर्ट्झच्या स्वरांशांतून येतो, मूळ स्वर त्यामानाने हळूच असतो. बाकीचं कान भरून काढतो. छोटी पेटी करणाऱ्याला यात मोठा दिलासा आहे. ३० हर्ट्झपर्यंत सपाट जाण्याचा अट्टहास सोडला की पेटी निम्मी होते.

बाकी बेसवाल्यांचं हे ओझ्याचं दुखणं जुनंच. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला, तेव्हा माणसाएवढा उभा डबल बेस वाहून नेण्यातून वादकांची सुटका झाली. ॲम्पच्या बाबतीत ते सुख यायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

---

व्हॉल्व्हवेडा | १६ जून, रात्री १०:४४

मंद्राताई, ५८ हर्ट्झचा आकडा ठाऊक नव्हता. शांतपणे वाचतो आता.

---

गाडीवान_कोल्हापूर | १७ जून, सकाळी ११:२०

एवढं कशाला करताय राव. गाडीतला दहा इंची सबवूफर घ्या. वीस-बावीस लिटरच्या बंद पेटीत घुमतोय बघा. आमच्या गल्लीत एकाच्या गाडीला लावलाय, खिडक्यांची तावदानं थरथरतात.

---

तपकीर_गल्ली | १७ जून, दुपारी ४:१०

गाडीवान, बंद गाडीत तो घुमणारच. चार दारांच्या डब्यात खालच्या स्वरांना गाडीच मदत करते. सभागृहात ती मदत नाही.

स्पीकर घेताना पहिला आकडा बघायचा तो संवेदनशीलतेचा, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. गाडीचा सबवूफर साधारण ८६ देतो. चांगला बारा इंची संगीताचा स्पीकर ९७ देतो. फरक ११ डेसिबलचा. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, दहाला दसपट. म्हणजे ९७ वाला १०० वॅटमध्ये जे करील तेच करायला ८६ वाल्याला साडेबाराशे वॅट हवेत. तेवढे दिले तर कॉइल जळेल. शिवाय बोटाचा तारेवरचा आघात ऐकू यायला मधले स्वर लागतात, ते सबवूफरमध्ये नसतातच.

हॉफमन नावाच्या अभियंत्याचा एक नियम आहे, स्पीकरवाले त्याला लोखंडी नियम म्हणतात. छोटी पेटी, खोल खर्ज, मोठा आवाज. तिन्हींपैकी दोनच मिळतात. गाडीच्या सबवूफरने पहिल्या दोन घेतल्या. आपण पहिली आणि तिसरी घ्यायची, आणि खर्जात थोडी तडजोड करायची. मंद्राताईंनी ती का चालते ते वर सांगितलंच आहे.

म्हणून गडी, तुमच्या ५०० वॅटचं उत्तर हे. ९७ डेसिबलचा स्पीकर आणि १३० वॅट, म्हणजे १ मीटरवर ११८ डेसिबल. ड्रमच्या शेजारी उभं राहायला पुरे.

---

गाडीवान_कोल्हापूर | १७ जून, संध्याकाळी ६:००

पटलं काका. गाडी गल्लीतच बरी.

---

खर्जातला_गडी | १७ जून, रात्री ११:३०

हा हिशेब मला आजवर कुणी सांगितला नव्हता. ५०० चा नाद सोडला. आता पेटी. एमडीएफ नको हे कळलं, मग काय घ्यायचं?

---

रंधा_पटाशी | १८ जून, सकाळी ८:४५

आता माझा प्रांत आला. नाशिकला फर्निचरचं काम करतो, स्पीकरच्या पेट्या हौसेने.

बाहेरून ४० बाय ४० बाय ३५ सेंमीची पेटी धरली तर सहा बाजूंचं क्षेत्रफळ ०.८८ चौरस मीटर. १८ मिमी एमडीएफमध्ये नुसती पेटी बारा किलो भरते. १२ मिमी साध्या कमर्शियल प्लायमध्ये सव्वासहा. आणि पॉप्लरचा हलका प्लाय मिळाला तर पावणेपाचच्या आसपास. यमुनानगरकडून पॉप्लरचा माल येतो, पण दुकानदाराला स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो नेहमीचा जड, गर्जन लाकडाचा प्लाय ठेवतो हातात. मी दुकानात दोन तुकडे दोन हातांत घेऊन बघतो. कडेला बोटाने उघडी फट लागते का तेही चाचपतो. फट असलेला प्लाय पेटीत गुणगुणतो, आणि ती गुणगुण एकदा सुरू झाली की जात नाही.

पातळ प्लाय थरथरतो हे खरं. त्याला जाडी वाढवणं हा इलाज नाही, आधार हा इलाज. समोरच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत आणि डाव्यापासून उजव्यापर्यंत एकेक आडवी काठी, मधोमध एकमेकींना चिकटवलेली. दोन काठ्यांचं वजन दोनशे-अडीचशे ग्रॅम, आणि फळी टकटक करून बघा, ढब्ब आवाजाचा टक्क होतो. काठी बरोबर मध्यावर ठेवू नका, थोडी सरकवा.

सांधे फेविकॉल लावून, शिकंजात रात्रभर. खिळे हवेतच कशाला? गोंद सुकला की खिळ्याचं काम संपलेलं असतं, वजन मात्र राहतं. समोरची फळी तेवढी १५ मिमी ठेवा, स्पीकरचे नट त्यात बसवायचेत.

---

मंद्रा | १८ जून, दुपारी १२:०५

रंधादादा, "ढब्बचा टक्क" फार आवडलं.

पेटीला खर्जासाठी हवेच्या नळीचं भोक ठेवणार असाल तर आकडे देते. स्पीकर, काठ्या आणि नळी यांची जागा वजा जाता आत ४२ लिटर उरतील असं धरू. ४५ हर्ट्झला सूर लावायचा तर १० सेंमी आतल्या व्यासाची नळी २० सेंमी लांब लागते. चार इंची सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप चालतो. स्पीकरच्या थील-स्मॉल आकड्यांप्रमाणे (खालच्या स्वरांत स्पीकर कसा वागतो ते सांगणारे आकडे) हे बदलेल, तेव्हा विनआयएसडी या मोफत प्रोग्रॅममध्ये आपल्या स्पीकरचे आकडे घालून बघाच.

बारा इंची स्पीकर मधोमध लावलात तर समोर नळीला जागा उरत नाही. स्पीकर एका कोपऱ्याकडे सरकवा, नळी समोरच्या कोपऱ्यात जेमतेम बसते. कागदावर पूर्ण मापात काढून बघा.

आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका, हाय-पास फिल्टर, म्हणजे फार खालचे स्वर अडवणारी जोडणी. नळीच्या सुराखाली स्पीकरला हवेचा आधार उरत नाही, कोन मोकाट पुढेमागे होतो. तारेवर हात आपटला तरी कोन बाहेर फेकल्यासारखा येतो आणि वॅट फुकट जातात. प्रीॲम्पमध्ये (मुख्य ॲम्पच्या आधीची पायरी) टीएल०७२ या दोन-भागी चिपचा अर्धा भाग यासाठी द्या. सिग्नलच्या वाटेत १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर एकामागून एक, मधल्या सांध्यावरून आउटपुटकडे ३३ किलोओहम, दुसऱ्या कपॅसिटरनंतर जमिनीकडे (ग्राउंडकडे) ६८ किलोओहम. ३४ हर्ट्झच्या खाली आवाज उतरायला लागतो. खर्च एका वडापावाचा, आणि स्पीकर वर्षानुवर्षं टिकतो.

दुसरा अर्धा भाग पहिल्या पायरीला, इनपुट १ मेगाओहमचा. गिटारमध्ये बॅटरी नसेल तर त्याहून बरंच कमी ठेवू नका, वरचे स्वर मरतात.

---

टाळकरी | १८ जून, रात्री ८:२०

माऊली, थोडं विषयांतर. आमच्या भजनी मंडळात एक मुलगा बेस वाजवतो. वारीच्या वाटेवर मुक्कामाला वीज असेलच असं नाही. हे बॅटरीवर चालेल का?

---

तपकीर_गल्ली | १८ जून, रात्री ९:१५

चालेल, आणि उत्तम चालेल. तुमच्यासाठी मात्र वर नको म्हटलेला छोटा टीपीए३११६च योग्य. सहा लिथियम-आयन सेल एकाला एक जोडले की भरल्यावर २५.२ व्होल्ट होतात, चिपच्या २६ च्या आत. ५ अँपिअर-तासाचा संच धरला तर ११० वॅट-तास. भजनात सरासरी वापर १५ वॅटच्या पुढे सहसा जात नाही, म्हणजे सात तास. बीएमएस (सेलांचं रक्षण करणारं सर्किट) लावलेला तयार संचच घ्या, सुटे सेल घरी जोडू नका.

दुकानदार आठ सेलचा लिथियम-फॉस्फेट संच "२४ व्होल्टचा" म्हणून देईल. तो भरल्यावर २९ च्या वर जातो. त्यावर ही चिप चालवू नका.

---

टाळकरी | १८ जून, रात्री ९:२२

रामकृष्णहरी. मुलाला दाखवतो.

---

चहाबाज | १९ जून, सकाळी १०:००

तुमच्या चिपांच्या गप्पा वाचून एलए४४४० आठवली. कॉलेजात असताना जो तो तिचाच ॲम्प करायचा. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, लाकडी खोक्यात दोन स्पीकर, आणि हॉस्टेलभर गाणी.

---

म्हापशेकर | १९ जून, सकाळी १०:४०

चहाबाज, माझी सुरुवातच तिच्यावर! पहिला बेस ॲम्प एलए४४४० चा, माडीवर बसून केलेला. आईस खाली स्वयंपाकघरात भांडी वाजल्याचं कळायचं, वर काय वाजतंय ते नाही. त्या चिपेने किती जणांना टाके मारायला शिकवलं असेल!

---

नवशिक्या_०७ | १९ जून, रात्री ९:५०

एक सल्ला माझाही. एसएमपीएस लावला की घूंऽऽ आवाज येतो. मी प्लगची अर्थिंगची मोठी पिन काढून टाकली, आवाज बंद. तसं करा.

---

तपकीर_गल्ली | १९ जून, रात्री ९:५८

नाही. आत्ता उठा आणि ती पिन परत जोडा. उद्यावर टाकू नका.

बेसच्या तारा धातूच्या, त्या केबलमार्गे थेट चासीशी जोडलेल्या. आत कुठे २३० व्होल्टची वायर सुटून चासीला लागली तर अर्थिंग असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर तुमच्या बोटांत आणि समोरच्या मायक्रोफोनला लागलेल्या ओठांत वीज येते. मांडवात जनरेटरवर वाजवताना तर विचारूच नका.

घूं आवाजाचा खरा इलाज वेगळा. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. मिक्सरकडे जाणारी वायर ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्समधून (वाद्य मिक्सरला जोडायचा छोटा डबा) न्या, आणि जमिनीची जोड सुटी करण्याचं बटण त्या बॉक्सवर असतं ते दाबा. सिग्नलची जमीन सोडायची, विजेची कधीच नाही.

---

नवशिक्या_०७ | १९ जून, रात्री १०:३०

काका, जोडली. धाकटी बहीणही त्याच ॲम्पवर गाते. आधी विचारायला हवं होतं. उद्या डीआय बॉक्स बघतो.

---

म्हापशेकर | १९ जून, रात्री १०:४५

छान केलंस बाब. आमच्याकडे पावसात एका मांडवात गिटारवाल्याला झटका बसलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. वाचला, पण तीन महिने मायक्रोफोनजवळ जायला घाबरत होता.

---

खर्जातला_गडी | २२ सप्टेंबर, रात्री १२:१५

मंडळी, तीन महिने गप्प होतो. बनला! धागा वर काढतोय, कारण तुमच्याशिवाय हे झालं नसतं.

पेटी रंधादादांच्या मापाची, १२ मिमी पॉप्लर, समोर १५. प्लाय शोधायला भिवंडीपर्यंत गेलो. काठ्या चिकटवण्याआधी आणि नंतर फळीवर टकटक करून पाहिलं. ढब्बचा टक्क झाला तेव्हा बायकोला हाक मारून ऐकवलं. स्पीकर निओडिमियमचा बारा इंची, ८ ओहम, ९७ डेसिबल. तो सेकंडहँड मिळाला, पुण्याच्या एका बँडकडून. विनआयएसडीने नळी १९ सेंमी सांगितली, ताईंच्या आकड्याच्या जवळच.

ॲम्प पेटीत न बसवता वेगळ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात केला. तो गिटारच्या पिशवीच्या खिशात जातो, म्हणजे हातात फक्त पेटी. टीपीए३२५५ आणि ४८ व्होल्टचा एसएमपीएस. आता दोन चुका सांगतो, पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतील.

पहिली चूक प्रीॲम्पच्या विजेची. ४८ व्होल्टवरून २४ करायला मी बाजारात सर्रास मिळतो तो एलएम२५९६ चा बोर्ड लावला. लावताक्षणी फट् झाला आणि खोलीभर जळका वास. ती चिप ४० व्होल्टपर्यंतचीच आहे. ६० व्होल्ट सोसणारी एचव्ही वेगळी मागावी लागते. ती लावली, पुढे ७८१८ हा १८ व्होल्टचा रेग्युलेटर, आणि टीएल०७२ ला स्वच्छ १८ व्होल्ट.

दुसरी चूक मोठी. स्पीकरसाठी स्पीकॉन (प्लास्टिकच्या कवचाचं) सॉकेट आणायचं होतं, पण ड्रॉवरमध्ये गिटारच्या जॅकचं धातूचं सॉकेट पडलं होतं, तेच डब्यात बसवलं. चालू केलं तर आवाज नाही, बोर्डावरचा लाल दिवा पेटलेला. दोन संध्याकाळी टाके तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी सहज मल्टिमीटरची एक सुई त्या सॉकेटच्या नटाला आणि दुसरी डब्याला लावली, तर पीऽऽ वाजला. तेव्हा उजेड पडला. या चिपेच्या स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, एकही जमीन नसते. माझ्या सॉकेटचं बाहेरचं कवच डब्याला टेकलं होतं, डबा जमिनीला. म्हणजे अर्धा ॲम्प थेट शॉर्ट. चिपेच्या आत संरक्षण आहे म्हणून वाचली. स्पीकॉन बसवला आणि पहिल्याच तारेला खोली भरली.

---

तपकीर_गल्ली | २२ सप्टेंबर, सकाळी ६:४०

शाब्बास! दोन्ही वायरी जिवंत असल्याचं मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. चालू करण्याआधी स्पीकरच्या दोन्ही टोकांची डब्याशी जोड नाही ना हे मल्टिमीटरने बघायचं, हे ज्याने त्याने लिहून ठेवा.

---

रंधा_पटाशी | २२ सप्टेंबर, सकाळी ९:१०

गडी, टक्क ऐकवायला बायकोला हाक मारलीत हे वाचून दिवस चांगला गेला. कोपऱ्यांना काय लावलंत?

---

व्हॉल्व्हवेडा | २२ सप्टेंबर, दुपारी २:००

अभिनंदन. कार्यक्रमात वाजवलात का? खरं सांगा, छाती आहे का त्यात?

---

मंद्रा | २२ सप्टेंबर, दुपारी २:२०

आणि वजन? धाग्याचं नाव "दहा किलोच्या आत" आहे, आकडा सांगितलाच नाहीत!

---

खर्जातला_गडी | २२ सप्टेंबर, रात्री १०:५०

रंधादादा, कोपऱ्यांना प्लास्टिकचे. लोखंडी हातात घेतले होते, आठांचे मिळून चारशे ग्रॅम भरले, परत ठेवले.

व्हॉल्व्हवेडा, गणपतीत तीन कार्यक्रम केले. डोंबिवलीच्या एका सोसायटीच्या मांडवात, दादरला सभागृहात आणि ठाण्यात. दादरला ड्रमरने स्वतःहून मागे वळून आवाज कमी करायची खूण केली. एसव्हीटीसारखी इस्त्री हलत नाही, पण प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो आणि ई तार पोटात जाणवते. पाच तारांच्या बेसची खालची बी, ३१ हर्ट्झची, तिथे मात्र दम कमी पडतो. माझा बेस चार तारांचा, मला पुरतं.

मंद्राताई, वजन कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर केलं. पेटी ९ किलो २००, डबा १ किलो ६००. एकूण १० किलो ८००. आठशे ग्रॅमने चुकलो. समोरची जाळी लोखंडी आहे, ती ॲल्युमिनियमची केली तर काही कमी होईल.

परवा दादरचा जिना एका दमात चढलो. पेटी डाव्या हातात, उजवा हात कठड्यावर.

---

रंधा_पटाशी | २३ सप्टेंबर, सकाळी ८:१५

जाळी काढूच नका, अनोळखी मांडवात कुणाचा पाय जाईल सांगता येत नाही. त्यापेक्षा मागच्या फळीत, काठ्या सोडून, आतून रंध्याने दीड मिमी उतरवा... नको, नळीचा सूर हलेल. जाळीच ॲल्युमिनियमची करा. माप कळवा, माझ्याकडे एक पत्रा उरलाय, नाशिकहून कुणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठवतो.

---

खर्जातला_गडी | २३ सप्टेंबर, सकाळी ८:४०

३७ बाय ३७, दादा. रविवारी माझा मेव्हणा पंचवटी एक्स्प्रेसने येतोय.